होडीच्या पाठीवरची होडी

बालमित्रांनो, मागच्या वेळी आपण विहिरीवरची कप्पी पाहिली. तुमची पत्रं भरपूर आली. एका मुलीनं विचारलंय, "कप्पी फक्त विहिरीवरच असते का?" मुळीच नाही! आज हीच कप्पी आपण थेट समुद्रावर नेणार आहोत.

तुम्ही म्हणाल, येवल्यात बसून समुद्राच्या गप्पा? खरं आहे. आमच्या गावापासून समुद्र सुमारे अडीचशे किलोमीटर लांब. इथं पैठणीचे माग आहेत, आणि पाणी म्हणाल तर उन्हाळ्यात हंड्यांच्या रांगा! पण वारा मात्र आमच्या चांगला ओळखीचा. संक्रांतीला येवल्याची पोरं आसारी घेऊन गच्चीवर चढतात, तेव्हा वारा किती जोरानं ओढतो ते बोटांना कळतं. शीड म्हणजे तरी काय? वारा पकडणारं मोठं कापडच की!

गोव्यात मांडवी नदीमध्ये दिवाडी नावाचं बेट आहे. तिथल्या अक्वेरियस शिपयार्डमध्ये रत्नाकर दांडेकर यांनी भारतीय नौदलासाठी दोन शिडाच्या नौका बांधल्या. २००९ साली 'म्हादेई' आणि २०१७ साली 'तारिणी'. प्रत्येकीची लांबी सुमारे १७ मीटर, म्हणजे दीड एस.टी. बसएवढी. म्हादेईतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. तारिणीतून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी जग फिरून आल्या. पुढे २०२४-२५ मध्ये रूपा ए. आणि दिलना के. या दोघींनीच तारिणी पुन्हा जगाभोवती नेली.

मोठीला छोटी कशाला हवी?

अशा नौकेच्या पोटाखाली एक जड पातं असतं. त्याला कील म्हणतात. वाऱ्यानं शीड एका बाजूला ढकललं तरी नौका उलटू नये, म्हणून हे वजन तळाशी असतं. पण त्यामुळे ती उथळ पाण्यात येऊ शकत नाही. तिचं पोटच वाळूत रुतेल! धक्का असेल तर ठीक, नाहीतर खोल पाण्यात नांगर टाकून उभं राहायचं. मग किनाऱ्यावर भाजी आणायला, प्यायचं पाणी भरायला, आजारी माणसाला डॉक्टरकडे न्यायला जायचं कसं? त्यासाठी असते एक छोटी होडी. तिला डिंगी म्हणतात. मोठी नौका म्हणजे घर, तर डिंगी म्हणजे घरची सायकल.

आता ही सायकल ठेवायची कुठं? दोरीनं बांधून मागं ओढत न्यावी, तर नौकेचा वेग कमी होतो आणि लाटेनं डिंगी उलटते. रोज रात्री पाण्यातच ठेवली, तर तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटतात. नौकेवर आडवी ठेवली, तर चालायला जागा उरत नाही. म्हणून पुष्कळ शिडाच्या नौकांवर मागच्या टोकाला पोलादी नळ्यांची एक कमान उभारतात. कमानीतून दोन हात मागं, पाण्यावर झुकलेले असतात. या हातांना डेव्हिट म्हणतात. त्यांना कप्प्या आणि दोऱ्या लावून डिंगी वर उचलायची आणि पाळण्यासारखी टांगायची. कमानीच्या माथ्यावर सूर्याच्या उन्हावर वीज करणाऱ्या पट्ट्या, दिवे आणि अँटेनाही बसवता येतात.

मापाची कमान

ही कमान दुकानात तयार मिळाली तरी तशीच्या तशी बसेलच असं नाही. प्रत्येक नौकेची पाठ वेगळी. कुणाची रुंद, कुणाची गोल, कुणाची उतरती. शाळेचा गणवेश शिवताना शिंपी माप घेतो ना, तसंच हे काम. कारागीर आधी लाकडी पट्ट्यांचा किंवा हलक्या नळ्यांचा कच्चा सांगाडा जागेवर उभा करून बघतात. सुकाणू धरणाऱ्याचं डोकं आपटत नाही ना? शिडाची दोरी अडकत नाही ना? सगळं जमलं की मग खऱ्या नळ्या वाकवून जोडायच्या. आमच्याकडे पैठणीवरचा मोर मागावर चढण्याआधी चौकटीच्या कागदावर उतरतो, तसंच.

नळ्यासुद्धा साध्या लोखंडाच्या चालत नाहीत. खारं पाणी लोखंड खाऊन टाकतं. म्हणून ३१६ क्रमांकाचं स्टेनलेस स्टील वापरतात. त्यात मॉलिब्डेनम नावाचा धातू दोन-तीन टक्के मिसळलेला असतो. तो खाऱ्या पाण्यापुढे स्टीलला जास्त टिकाव धरायला मदत करतो.

वजन किती, आणि कुठं?

आता खरी गोम. पाण्यानं अर्धी भरलेली बादली अंगाजवळ धरा. जमलं? आता तीच बादली हात ताठ पुढं करून धरा. दहा आकडे मोजेपर्यंत हात थरथरायला लागेल. बादली तीच, पाणी तेवढंच. मग बदललं काय? वजन शरीरापासून लांब गेलं! वजन जितकं लांब, तितका त्याचा जोर जास्त.

डिंगीचंही असंच आहे. ती कमानीच्या पायांपासून बरीच मागं टांगलेली असते. त्यामुळे कमानीचे मागचे पाय नौकेच्या पाटावर दाबले जातात, आणि पुढचे पाय? ते पाटातून उपटून वर यायला बघतात! म्हणून पायाला नुसता स्क्रू मारून भागत नाही. आरपार बोल्ट घालतात आणि पाटाच्या खालून धातूची रुंद पट्टी लावतात, म्हणजे ओढ एका भोकावर न येता मोठ्या जागेवर वाटली जाते. चिखलात टाच रुतते, पण फळी टाकली की आपण खुशाल चालतो. तीच युक्ती.

शिवाय समुद्र काही गप्प बसत नाही. लाटेवर चढलेली नौका धाडकन खाली येते, तेव्हा टांगलेल्या वस्तूचा हिसका बसतो.

करून पाहा: रबरबँडला खोडरबर बांधा. खोडरबर तळहातावर धरून हळूहळू खाली सोडा आणि रबरबँड किती ताणला ते पट्टीनं मोजा. आता रबरबँड सैल असतानाच खोडरबर एकदम सोडून द्या. या वेळी तो जवळजवळ दुप्पट ताणला जातो. वजन तेवढंच, पण हिसक्यानं दुप्पट काम केलं! म्हणूनच टांगलेली डिंगी पट्ट्यांनी कमानीला घट्ट आवळून ठेवतात. ती झुलता कामा नये.

कप्पीची करामत

समजा, डिंगी आणि तिचं छोटं इंजिन मिळून ६० किलो वजन आहे. दोन डेव्हिट, म्हणजे प्रत्येकावर ३० किलो. विहिरीवरच्या एका कप्पीनं फक्त ओढायची दिशा बदलते, हे आपण पाहिलंच आहे. पण दोन खालच्या, दोन वरच्या अशा कप्प्यांतून दोरी फिरवली, तर वजन दोरीच्या चार पदरांवर वाटलं जातं. मग ३० किलोसाठी जोर लागतो साडेसात किलोचा! घर्षणामुळे थोडा जास्त धरा. पण फुकट काहीच मिळत नाही, बरं का. डिंगी दीड मीटर वर न्यायची, तर दोरी सहा मीटर ओढावी लागते. जोर वाचला, दोरी वाढली.

बूच काढायला विसरू नका

आता एक गणित. टांगलेल्या डिंगीत रात्रभर पाऊस पडला. तिचा तळ २ मीटर लांब आणि १ मीटर रुंद आहे. पाणी साचलं फक्त १० सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या पंजाच्या रुंदीपेक्षा थोडं जास्त. किती लिटर झालं? आधी वहीत करा, मग पुढं वाचा.

२ गुणिले १ गुणिले ०.१, म्हणजे ०.२ घनमीटर. म्हणजेच २०० लिटर. आणि २०० लिटर पाण्याचं वजन २०० किलो! ६० किलोसाठी बांधलेल्या दोऱ्यांवर आता २६० किलो. म्हणून डिंगीच्या तळाला एक भोक आणि त्याला बूच असतं. वर टांगताना बूच काढायचं, पाण्यात सोडताना लावायचं. बोटाएवढं बूच, पण कमानीचा जीव त्याच्यावर.

आणि मोठ्या समुद्रात? लांबच्या, खवळलेल्या वाटेवर शहाणे दर्यावर्दी डिंगी मागं टांगत नाहीत. मागून येणारी मोठी लाट तिच्यात शिरली, तर बूच काढलेलं असूनही क्षणात काही उपयोग होत नाही. म्हणून ते डिंगी उचलून नौकेवर पालथी बांधतात, रबरी असेल तर हवा काढून गुंडाळून ठेवतात. जी वस्तू बंदरात सोयीची, तीच वादळात ओझं होते.

वेळेवर उतरली पाहिजे

मोठ्या जहाजांवरही डेव्हिट असतात, पण तिथं टांगलेल्या असतात जीवरक्षक होड्या. 'टायटॅनिक' हे नाव तुम्ही ऐकलंच असेल. १९१२ साली ते हिमनगावर आपटून बुडालं. जहाजावर २,२०० हून जास्त माणसं होती. होड्या होत्या २०, आणि त्यांत जागा होती ११७८ जणांची. डेव्हिट तर याहून जास्त होड्या हाताळू शकतील अशा बनावटीचे होते! २० होड्यांपैकी दोन अधिकाऱ्यांच्या खोल्यांच्या छपरावर ठेवलेल्या होत्या. ऐन वेळी त्या डेव्हिटला लावून नीट उतरवताच आल्या नाहीत. पहिली होडी उतरली ती निम्म्याहून जास्त रिकामी. दीड हजारांवर माणसं गेली. त्यानंतर १९१४ साली लंडनला अनेक देशांनी एकत्र बसून ठरवलं, की जहाजावरच्या प्रत्येक माणसासाठी होडीत जागा हवीच.

आता आपल्या माणसाची गोष्ट. नौदलाचे अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये म्हादेईतून कुठंही न थांबता, एकट्यानं जग फिरून आले. २०१८ साली ते 'थुरिया' नावाच्या नौकेतून एका शर्यतीत उतरले. थुरियाही गोव्यातलीच. १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 'सुहेली'तून न थांबता, एकट्यानं पहिली पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. ती सुहेली आपल्या मुंबईत बांधलेली, आणि थुरिया तिचीच प्रतिकृती. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात प्रचंड वादळ झालं. थुरियाची डोलकाठी मोडली आणि टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर मार बसला. उठताही येईना. तीन दिवस ते तसेच पडून होते. २४ सप्टेंबरला 'ओसिरिस' हे फ्रेंच गस्ती जहाज तिथं पोहोचलं.

पण पोहोचलं म्हणजे झालं का? एवढं मोठं जहाज लाटांमध्ये छोट्या नौकेला खेटलं, तर टक्कर होऊन नौकेचाच चुरा व्हायचा. तेव्हा ओसिरिसवरून छोटी रबरी होडी पाण्यात उतरली. तिच्यातून खलाशी थुरियावर गेले आणि टॉमींना स्ट्रेचरवर घालून घेऊन आले. हजारो किलोमीटरचा शोध झाला, पण शेवटचे काही मीटर त्या छोट्या होडीनंच पार केले. पुढं टॉमी बरे झाले, पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि २०२३ मध्ये दुसरे आले!

म्हणजे मित्रांनो, मदतीची वस्तू जवळ असणं पुरेसं नाही. ती हाताशी हवी, नीट बांधलेली हवी आणि वेळ आली की झटकन सुटणारी हवी.

आता तुमचं काम

येवल्यात डेव्हिट कुठं शोधणार? पण शाळेत प्रथमोपचाराची पेटी आहे, आग विझवायच्या वाळूच्या बादल्या आहेत. उद्या जाऊन बघा. पेटीला कुलूप आहे का? किल्ली कुणाकडे? ते नसतील तर? बादलीत वाळू आहे की कागदाचे बोळे? घरी आईबाबांबरोबर बघा: रात्री वीज गेली तर टॉर्च अंधारात हाताला लागेल का, आणि त्यात सेल आहेत का? जे दिसेल ते मोकळेपणानं लिहा, आणि मोठ्यांना सांगून दुरुस्त काय केलंत तेही.

आणि हे कोडं. ६० किलोची डिंगी, दोन डेव्हिट, पण प्रत्येकाला दोरीचे चारऐवजी सहा पदर. जोर किती लागेल? दीड मीटर उचलायला प्रत्येक दोरी किती ओढावी लागेल? उत्तर पुढच्या अंकात. तोवर कप्पी फिरवत राहा!