मुलाच्या छातीतली गाठ : लाज नको, तपासणी हवी

चिखलदरा तालुक्यातील आश्रमशाळांत मुले एकत्र राहतात, एकत्र आंघोळ करतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या स्तनाग्राखाली दुखरी गाठ आली, तर ती लपत नाही. सोबती चिडवतात. मग मुलगा उकाड्यातही सदरा काढत नाही, कबड्डी टाळतो. पण सांगत मात्र कोणालाच नाही.

याला गायनेकोमास्टिया म्हणतात. पुरुषाच्या शरीरातही थोडे इस्ट्रोजेन असते. वयात येताना त्याचा आणि टेस्टोस्टेरॉनचा तोल काही काळ ढळतो व स्तनग्रंथी वाढते. सुमारे निम्म्या मुलांत हे कमी-अधिक घडते आणि बहुतेकांत सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरते. लठ्ठपणाची चरबी मऊ लागते. ग्रंथी चकतीसारखी घट्ट लागते.

मोठ्या माणसांत मात्र कारण शोधलेच पाहिजे. दारूने खराब झालेले यकृत, मूत्रपिंडाचा किंवा थायरॉइडचा आजार, अंडकोषातील गाठ, स्पायरोनोलॅक्टोनसारखी औषधे, व्यायामशाळेतील स्टिरॉइड ही त्यांतली काही. क्षयरोगावरील आयसोनियाझिडनेही क्वचित असे होते. तरी गोळ्या परस्पर बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावे. एकाच बाजूची कडक गाठ, स्तनाग्रातून रक्त किंवा आत ओढलेली त्वचा दिसली तर थांबू नये. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत साधारण एक पुरुष असतो.

मलम, मालिश यांनी ग्रंथी विरघळत नाही. सुरुवातीला औषधांचा उपयोग होऊ शकतो. वर्षभराने गाठ घट्ट झाली की बहुधा शस्त्रक्रियाच उरते. म्हणजे लाजेत गेलेला काळ महाग पडतो.

घाट उतरून परतवाडा किंवा अमरावती गाठायची तर आईबापांची मजुरी बुडते. म्हणून हा प्रश्न शाळेतच सुटायला हवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतो. त्याच्या पथकात एक पुरुष आणि एक स्त्री डॉक्टर अशी रचना आहे. वजन-उंची, दात, डोळे पाहताना पुरुष डॉक्टरांनी प्रत्येक मोठ्या मुलाला आडोशाला घेऊन एवढे विचारावे : छातीत काही दुखते का? याला ना यंत्र लागते, ना निधी. ‘हे बहुतेक आपोआप जाते’ एवढे एक वाक्य ऐकले, तरी तो मुलगा पुन्हा मैदानावर येईल.