दाराची कळ कोणाच्या हाती?

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ लोकलमधून पडून प्रवासी दगावले आणि रेल्वेने बिगरवातानुकूलित लोकललाही स्वयंचलित दारे बसवण्याचे जाहीर केले. त्यास आमचा विरोध नाही. आक्षेप आहे तो ‘आपल्या लोकांच्या हाती दाराची कळ देणे धोक्याचे’ या सुशिक्षित उद्गाराला. ताटीचे अभंग शिकवताना दाराबाहेरच्या मुक्ताईची बाजू घेणारे आपल्यातलेच काही प्राध्यापक असे बोलतात (!). बर्लिनच्या भुयारी गाडीत चालकाने स्थानकावर मुभा दिल्यावरच प्रवाशाने दाबलेली कळ दार उघडते. धावत्या गाडीत ती निरुपयोगी असते. मग धोका कुठला? आमच्या आखाडा बाळापुरात मेट्रो नाही. पण एसटीचे दार प्रवासीच उघडतो, आणि वाहकाच्या दोन घंट्यांशिवाय चालक गाडी हलवीत नाही.