परतणाऱ्याच्या जखमेवर झेंडे रोवू नका!

लांबून आलेल्या माणसाला आधी पाणी विचारावे, ही आपली रीत. पण लिंगबदलाच्या वाटेवर थांबलेल्या किंवा मागे वळलेल्या माणसाला व्हँकुव्हरपासून टोरांटोपर्यंत आधी विचारले जाते, तू कुणाच्या बाजूचा? एक कंपू त्याला वरातीतून मिरवतो : ‘पाहा, सगळे थोतांड!’ दुसरा दटावतो : ‘गप्प बस, विरोधकांना कोलीत मिळेल!’ त्याच्या दुखण्याची विचारपूस दोघांनाही नको!

यॉर्क विद्यापीठाचे किनन मॅकिनन आणि सहकाऱ्यांनी कॅनडातील अशा २८ जणांशी बोलून २०२२ साली अभ्यास प्रसिद्ध केला. कुणी शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनांनी थांबले, कुणी मनाच्या आजाराने, कुणी भेदभावाने. कुणाला आपली ओळखच पुढे निराळी उमगली. पश्चात्ताप सर्वांना नव्हता, पण ज्यांना होता त्यांचा खरा होता. अनेकांना डॉक्टरकडे परत जायची लाज वाटली. जे गेले त्यांना जाणकार डॉक्टर विरळाच भेटले.

अमेरिकेतील २०१५ च्या ट्रान्स सर्वेक्षणात, मागे वळण्याचा अनुभव घेतलेल्या ८२.५ टक्के लोकांनी घरचा दबाव, समाजाचा जाच असे निदान एक बाहेरचे कारण सांगितले. पण ते सर्वेक्षण तेव्हा स्वतःला ट्रान्स म्हणवणाऱ्यांचेच होते. ती ओळख सोडून गेलेले मोजले गेलेच नाहीत. एक कंपू हा आकडा नाचवतो, दुसरा ही उणीव. माणूस कोण पाहतो?

शरीर घोषणांवर चालत नाही! टेस्टोस्टेरॉनने घोगरा झालेला आवाज औषध सोडल्याने पूर्ववत होत नाही. बीजांडकोश वा वृषण काढल्यावर संप्रेरके बाहेरून घेतली नाहीत, तर हाडे ठिसूळ होतात. अशा माणसाला रक्ततपासणी हवी, आवाजाचे उपचार हवेत, न टोचणारा समुपदेशक हवा. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०२२ पासून कागदावरची लिंगनोंद डॉक्टरच्या दाखल्याविना बदलता येते. कागद सहज बदलतो, मग दवाखान्याने तोंड का फिरवावे? जिथे उपचार सुरू झाले तिथेच, त्याच आस्थेने, ते थांबवण्याचीही सोय हवी. आणि परतणाऱ्याचे नाव पुढे करून पुढे जाणाऱ्याची वाट अडवणाऱ्यांनो, तुमचे अश्रू मगरीचे आहेत!

इथल्या बर्नबी-सरीतल्या मराठी आईबापांनो, तुम्हीही ऐका. लेकरू परतले तर ‘आम्ही सांगतच होतो’ हे वाक्य गिळा. आधी पाणी द्या. मग त्याच्यासोबत दवाखान्याच्या रांगेत उभे राहा.