सायन्सलाच घालतोय!

परवा भाचीचा फोन आला. चिरंजीवांना दहावीला ८४ टक्के! आनंद झाला. पण पुढचं वाक्य ऐकलं आणि तोंडातला पेढा कडू लागला. "मामा, त्याला सायन्सलाच घालतोय."

घालतोय! मूल म्हणजे काय लोणचं आहे, बरणीत घालायला? मी विचारलं, "अगं, त्याला काय हवंय?" तर म्हणे, "त्याला काय कळतंय? एवढे मार्क पडलेत, ते वाया घालवायचे का?"

हाच तो मुलगा. गेल्या दिवाळीत माझा बंद पडलेला मिक्सर यानंच उघडला, कार्बन ब्रश बदलले आणि चालू करून दिला. त्याला इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमाला जायचंय. आईबापांना मात्र डॉक्टर हवाय. कॉलेजात नाव घालायचं आणि दोन वर्षं क्लासमध्ये बसायचं. याला 'इंटिग्रेटेड' असं गोंडस नाव आहे. म्हणजे प्रयोगशाळेचं तोंडही न बघता सायन्स!

मंडळी, साधा हिशेब करा. २०२४ साली २३ लाखांहून अधिक मुलं 'नीट'ला बसली. एमबीबीएसच्या जागा तेव्हा देशभरात सव्वा लाखाच्या आतच होत्या. उरलेल्यांचं काय? यावर ठरलेलं उत्तर येतं, "सायन्स केलं की सगळे दरवाजे उघडे राहतात." कागदावर खरं आहे ते. बारावी सायन्सनंतर आर्ट्सला, कॉमर्सला जाता येतं. पण दारं उघडी ठेवण्याच्या नादात पोराचा आत्मविश्वास कोणत्या दारानं निघून गेला, हे कोणी बघतं का?

दुसऱ्याला बोलतोय, पण माझेही हात स्वच्छ नाहीत. वर्गात मी स्वतः कितीदा म्हटलं असेन, "अभ्यास करा, नाहीतर आयटीआयला जावं लागेल." जणू काही शिक्षाच! एका हुशार मुलाच्या वडिलांना त्याला आयटीआयला पाठवायचं होतं. मी मुद्दाम घरी गेलो, चहा प्यालो आणि त्यांचं मन वळवलं. ७८ टक्क्यांचा मुलगा, सायन्सलाच जायला हवा! दहावीपर्यंत सगळं मराठीत शिकलेला तो पोरगा अकरावीत एकदम इंग्रजीतल्या फिजिक्ससमोर उभा राहिला. बारावीला नापास झाला. पुन्हा बसला, पुन्हा नापास. शेवटी आयटीआयलाच गेला. आज त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, हाताखाली चार माणसं आहेत. भेटला की वाकून नमस्कार करतो. एकदा मीच विषय काढला. तो हसून म्हणाला, "सर, चार वर्षं उशीर झाला, एवढंच."

एवढंच! ते 'एवढंच' अजून माझ्या घशात अडकून आहे.

आयटीआयमध्ये सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. काही ठिकाणी यंत्रं जुनाट असतात, शिकवणारे पुरेसे नसतात. म्हणून प्रवेशाआधी स्वतः जाऊन वर्कशॉप बघा. पण ती वाट पुढे बंद होते, हा समज काढून टाका. दोन वर्षांचा ट्रेड झाला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्याही थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आणि ज्याला खरोखर सायन्सची ओढ आहे, त्यानं खुशाल तिकडे जावं. इतिहासाची असेल तर आर्ट्सला जावं. मीही आर्ट्सवालाच, मराठीतून बीए. उपाशी काही राहिलो नाही!

मार्क म्हणजे दुकानात वटवायचं कूपन नव्हे, की तेवढ्या किमतीचं काहीतरी घेतलंच पाहिजे.

भाचीला हे सगळं फोनवर बोललो. ती रागावलीय, दोन दिवस फोन नाही. रागावू दे. मागच्या वेळी मी नको तिथे बोललो होतो. या वेळी गप्प बसलो असतो, तर चूक दुसऱ्यांदा झाली असती.

असो. ज्यांच्या घरी नुकताच निकाल लागलाय त्यांनी आज जेवताना पोराला एकदा विचारा, "तुला काय करावंसं वाटतं?" आणि त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत मधे बोलू नका.