क्लाऊडमधील नोकऱ्या



"फादर, हैदराबादेत क्लाऊडच्या हजारो नोकऱ्या निघाल्या आहेत म्हणे. मुलाला तो कोर्स लावू का?" असा प्रश्न अलीकडे आईबाप वारंवार विचारतात. कोर्सची फी कित्येक घरांत कर्ज काढून भरावी लागते. म्हणून घाईने होकार देणे मला प्रशस्त वाटत नाही.

क्लाऊड म्हणजे ढग; पण ह्या ढगाचे बिऱ्हाड जमिनीवरच असते. बँका, इस्पितळे, दुकाने पूर्वी आपले संगणक आपल्याच कचेरीत ठेवीत. आता ती परक्या इमारतीतील संगणक भाड्याने घेतात. असे संगणक भाड्याने देणाऱ्या अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेस ह्या कंपनीने भारतातील आपली पहिली केंद्रे २०१६ साली मुंबईत उघडली व त्यानंतरची नोव्हेंबर २०२२ मध्ये हैदराबादेत. हैदराबादच्या केंद्रांद्वारे २०३० पर्यंत सुमारे ३६,३०० कोटी रुपये गुंतविले जातील आणि त्यायोगे दरवर्षी सरासरी ४८,००० हून अधिक पूर्णवेळ नोकऱ्यांना आधार मिळेल, असे तिने त्या वेळी जाहीर केले.

हे वाक्य सावकाश वाचावे. ह्या नोकऱ्या कंपनीच्या स्वतःच्या पगारपत्रकावरील नव्हेत. तिला माल व सेवा पुरविणाऱ्या बांधकाम, देखभाल, दूरसंचार अशा बाहेरच्या उद्योगांतील आहेत. शिवाय 'दरवर्षी सरासरी' ह्याचा अर्थ दरवर्षी तितक्या नव्या जागा, असा होत नाही. यंदा मोजलेला मनुष्य पुढील वर्षीही कामावर असला, तर तो पुन्हा मोजला जातो. आणि अर्धवेळ काम करणारे दोघे मिळून एक धरतात. ह्यात लबाडी नाही, अर्थशास्त्रज्ञांची रीतच ती आहे. मात्र तो अंदाज आहे, रिकाम्या जागांची यादी नव्हे.

इमारत उभी राहत असता माणसे पुष्कळ लागतात. ती चालू झाली की आत यंत्रे फार आणि माणसे थोडी. पण त्या थोड्यांवाचून घटकाभरही चालत नाही. वीज अखंड हवी, यंत्रे थंड राहिली पाहिजेत, बॅटऱ्या व जनरेटर सदैव सज्ज हवेत, आणि हे रात्रंदिवस, पाळीपाळीने. म्हणून आयटीआयमधून निघालेल्या वीजतंत्र्याला किंवा वातानुकूलनाच्या मेकॅनिकला आपण कमी लेखतो, ते मला पटत नाही. अशी कामे पुष्कळदा ठेकेदारामार्फत मिळतात. तेव्हा पगार कोण देणार, करार किती वर्षांचा, प्रॉव्हिडंट फंड जमा होतो की नाही, हे आधीच विचारावे.

आता कोर्सविषयी. भाड्याच्या संगणकावर काम करणारा प्रोग्रॅमर पुण्यात, इंदुरात वा बडोद्यातही बसू शकतो. केंद्र हैदराबादेत आहे एवढ्यासाठी मुलाला तिकडे धाडण्याचे कारण नाही. कंपनी स्वतः पुष्कळ प्राथमिक धडे विनामूल्य देते. मुलाने दोन महिने ते नेटाने करून पाहावेत. त्याचे मन त्यात रमले, तर फीचा विचार त्यानंतर करता येईल.