गवत कापायचे यंत्र: घेणारा एक, चालवणारा दुसरा

पावसाळा सरत आला की विसरवाडीच्या परिसरात गवत गुडघ्याच्या वर जाते. शाळांची मैदाने, आश्रमशाळांचे आवार, सरकारी कार्यालयांच्या भिंतीकडेची जागा, सगळीकडे हिरवे रान माजते. त्यात घोणस, मण्यार, नाग लपून बसतात. त्यामुळे आवारातले गवत काढणे हे शोभेचे काम नाही, ते आरोग्याचे काम आहे. विळ्याने कापणारी माणसे वेळेवर मिळत नाहीत, म्हणून यंत्र घ्यायचे ठरते. दुकानात दोन प्रश्न हमखास विचारले जातात: इंजिन किती एचपीचे, आणि किंमत किती? ते चालवणार कोण, हा प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो.

बाजारात मुख्यतः तीन प्रकार आहेत. पहिला खांद्याला अडकवायचा ब्रश कटर. बांध, चर, झुडपे, दगडगोटे असलेली जागा याला तोच उपयोगी. दुसरा मागून चालत ढकलायचा इंजिनाचा लॉन मोअर. सपाट, मोकळ्या मैदानाला तो बरा, कारण यंत्राचा भार चाकांवर असतो, माणसाच्या खांद्यावर आणि कमरेवर नाही. तिसरा बिनइंजिनाचा, फिरत्या रुळाच्या पात्यांचा. १८३० मध्ये इंग्लंडमधल्या एडविन बडिंग यांनी कापडगिरणीतल्या यंत्रावरून गवत कापायचे जे पहिले यंत्र बनवले, ते याच जातीचे. लहान हिरवळीला ते उत्तम आणि सर्वांत कमी धोक्याचे, पण गुडघाभर गवतापुढे ते चालत नाही.

मैदान सपाट असूनही केवळ स्वस्त म्हणून ब्रश कटर घेतला, तर रोज चार-पाच तास तो खांद्यावर वागवणाऱ्याची पाठ आणि मनगटे त्याची किंमत मोजतात. सततच्या कंपनाने बोटांना मुंग्या येतात, बोटे बधिर पडतात आणि पुढे पकड कमी होते. म्हणून ब्रश कटरच लागणार असेल, तर दोन्ही खांद्यांवर भार वाटणारा पट्टा आणि कंपन शोषणारी मूठ पाहून घ्यावी.

लॉन मोअर घेताना आधी पात्याचा विचार करावा. ५३ सेंटिमीटरचे पाते मिनिटाला ३,००० फेरे घेते तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे ३०० किलोमीटर होतो. आपल्याकडच्या मुरमाड जमिनीत त्याला लागलेला खडा गोळीसारखा सुटतो. म्हणून मागची झडप आणि बाजूचे कवच धड आहे का, ते हात लावून पाहावे. दुसरी गोष्ट हँडलवरचा सुरक्षा दांडा. अमेरिकेत १९८२ पासून असा नियम आहे, की चालवणाऱ्याने हा दांडा सोडला की पाते ३ सेकंदांत थांबलेच पाहिजे. दुकानातच यंत्र सुरू करायला लावावे, दांडा सोडायला सांगावा आणि मनात एक, दोन, तीन मोजावे. पुढे कामाच्या सोयीसाठी तो दांडा दोरीने बांधून ठेवला, तर सगळे मुसळ केरात.

बाकीची वैशिष्ट्ये जागेप्रमाणे ठरवावीत. खडबडीत जमिनीला मागची चाके मोठी हवीत. कापण्याची उंची बदलता आली, तर उंच गवत दोन फेऱ्यांत निघते आणि पाते अडकत नाही. उतारावर आडवे चालावे, आणि ओल्या गवतात यंत्र कधीही स्वतःकडे ओढू नये, कारण पाय घसरला की तो पात्याखाली जातो. अडकलेले गवत काढण्याआधी इंजिन बंद करून स्पार्क प्लगची वायर काढावी. बॅटरीच्या यंत्राला आवाज आणि थरथर कमी, धूरही नाही. मात्र दाट गवतात त्याची बॅटरी लवकर उतरते, म्हणून ते लहान आवारालाच घ्यावे.

डोळ्यांचे तर वेगळेच आहे. उडालेला खडा किंवा धातूचा कण डोळा फोडू शकतो, हे पटकन समजते. पण गवताची नुसती काडी बुबुळाला खरचटली, तरी तिच्यासोबत बुरशी आत जाऊ शकते. दुसऱ्या दिवशी डोळा लाल होतो, मेडिकलमधून स्टेरॉइड असलेले थेंब आणले जातात, दोन दिवस बरे वाटते आणि आत बुरशी फोफावते. अशा रुग्णाच्या बुबुळावर पांढरा डाग कायमचा राहू शकतो. चांगला चश्मा यंत्राच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

कानांचेही तसेच. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास ही मर्यादा मानली, तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबलला फक्त एक तास. पेट्रोलवरची बरीच यंत्रे या पट्ट्यात मोडतात.

खरी अडचण अशी, की यंत्र संस्था घेते आणि चालवतो रोजंदारीवरचा माणूस. त्याला निवडीत मत नसते, इजा मात्र त्याच्याच वाट्याला येते. मळणी यंत्रासारख्या शेतीतल्या धोकादायक यंत्रांसाठी संसदेने १९८३ मध्ये स्वतंत्र कायदा केला. गवताच्या यंत्रासाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. चश्मा, बूट आणि कानावरचे मफ हे यंत्राच्याच खरेदीपत्रात लिहावेत, ते नसतील तर बिल मंजूर करू नये. यंत्र घेण्याआधी चालवणाऱ्याला दुकानात न्यावे. आणि शाळेत गवत कापायचे ते सुट्टीच्या दिवशीच. ब्रश कटरपासून १५ मीटरच्या आत कोणी उभे राहू नये.

तरीही अपघात झालाच, तर तुटलेले बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात टाकू नये. डोळ्यात काही घुसले असेल तर ते ओढू नये, डोळा चोळू नये. वर कागदी पेल्याचे झाकण लावून ताबडतोब रुग्णालयात न्यावे. जखम झाल्यावर धनुर्वाताची लस विसरू नये.

गवत दर वर्षी पुन्हा वाढते. बोट आणि डोळा पुन्हा येत नाहीत.