रमीचा पत्ता आणि औकाफचं खातं

ऑगस्टचा पहिला आठवडा आमच्या किनाऱ्यावर गडबडीचा असतो. ३१ जुलैला मासेमारीची बंदी संपते, होड्या पाण्यात उतरतात, बर्फाच्या गाड्या येऊ लागतात. यंदा त्यात ओव्हलची कसोटी आली. ४ ऑगस्टला दुपारी सिराजने अ‍ॅटकिन्सनचा त्रिफळा उडवला, भारत ६ धावांनी जिंकला आणि आमच्या टपरीवर लोकांनी अनोळखी माणसांना मिठ्या मारल्या. पाचही कसोट्या खेळलेला भारताचा एकच वेगवान गोलंदाज, मालिकेत २३ बळी. त्या दिवशी सिराजला कुणीही त्याची निष्ठा विचारली नाही. जिंकल्यावर विचारत नाहीत. २४ ऑक्टोबर २०२१ ला दुबईत पाकिस्तानने १० गडी राखून हरवलं, तेव्हा शमीला विचारली होती, अकरांपैकी फक्त त्यालाच.

पण आज मला सिराज-शमीवर लिहायचं नाही. ज्या ३१ जुलैला ओव्हलची कसोटी सुरू झाली त्याच रात्री मुंबईत एक आदेश निघाला, तो आपण नीट वाचला नाही, त्यावर लिहायचंय.

माणिकराव कोकाटे कृषिमंत्री होते. विधान परिषदेत बसून मोबाईलवर रमी खेळत असल्याचा त्यांचा व्हिडिओ रोहित पवारांनी २० जुलैला टाकला. कोकाटेंचा खुलासा असा की आपण खेळत नव्हतो, समोर आलेला गेम बंद करत होतो. खरं-खोटं त्यांना ठाऊक. मी काही त्यांच्या खांद्यावरून डोकावलेलो नाही. शेतकरी संघटना भडकल्या, दहा-बारा दिवस गदारोळ झाला आणि कोकाटेंचं कृषी खातं दत्तात्रय भरणेंकडे गेलं. भरणेंकडची खाती कोकाटेंना मिळाली. मग विनोद सुरू झाले. रमीवाल्याला क्रीडा खातं दिलं, आता रमी ऑलिंपिकमध्ये येणार, वगैरे. मीही हसलो. दोन-चार मीम पुढेही पाठवले.

दुसऱ्या दिवशी पेपर पुन्हा हातात घेतला तेव्हा लक्षात आलं की भरणेंकडे एकटं क्रीडा खातं नव्हतंच. क्रीडा व युवक कल्याण, आणि अल्पसंख्याक विकास व औकाफ. ते दुसरंही कोकाटेंकडेच गेलं होतं. त्यावर मीम नाही, अग्रलेख नाही, चर्चा नाही. शेतकऱ्यांना जो मंत्री चालला नाही तो आपल्याला परस्पर चालवून टाकला, आणि आपल्याला पत्ताही नाही.

आता कोणी म्हणेल, मंत्री कोणी का असेना, काम झाल्याशी मतलब. ठीक. मग काम बघू. हे स्वतंत्र खातं २००८ साली झालं. मौलाना आझाद महामंडळाची कर्जं, शिष्यवृत्त्या, वसतिगृहं, वक्फ मंडळ हे सगळं त्याच्याकडे. केंद्राने २०२२ मध्ये पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती बंद केली, त्याच वर्षी मौलाना आझाद फेलोशिप बंद केली. म्हणजे आता जे काही मिळायचं त्यासाठी राज्याच्याच दाराशी जावं लागणार. आणि वक्फचा नवा कायदा याच एप्रिलमध्ये झाला. गावोगावच्या मशिदींचे, कब्रस्तानांचे कागद शोधण्याची धावपळ चालू आहे. नेमक्या या वर्षी हे खातं एका भानगडीचा तोडगा म्हणून हलवलं गेलं. कुणाचा दर्जा कमी करायचा असेल तर त्याला कुठे पाठवायचं, हे ठरलेलं असतं. पूर्वी सरकारी नोकरांना गडचिरोली दाखवायचे. ज्या पक्षात हे घडलं त्याचे प्रदेशाध्यक्ष सुनील तटकरे, आमच्याच रायगडचे खासदार. श्रीवर्धन-म्हसळ्याचा मुस्लिम मतदार त्यांना काही परका नाही. त्यांना एक साधं पत्र कुठल्या जमातीने लिहिलं? मी चार गावांत विचारलं. एका सद्गृहस्थांनी मलाच विचारलं, ‘औकाफ आपल्याकडे कुठल्या मंत्र्याकडे असतं?’

हेच लोक मार्चमध्ये मात्र जागे होते. ४ मार्चला दुबईत ऑस्ट्रेलियाविरुद्धची उपांत्य फेरी, रमजानचे पहिलेच दिवस, आणि शमी सीमारेषेवर बाटलीतून काहीतरी पिताना दिसला. बरेलीच्या एका मौलानांनी त्याला गुन्हेगार ठरवलं. तो फोटो मला आमच्या तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आला. मुसाफिराला रोजा पुढे कजा करण्याची सवलत आहे, हे मदरशातल्या पोराला माहीत असतं. पण शमीने त्या दिवशी ३ बळी घेतले याच्यापेक्षा त्याने किती घोट घेतले यात आम्हाला रस. २०२१ मध्ये त्याला त्यांनी छळलं, २०२५ मध्ये आपण.

आणि त्याच रमजानचा शेवटचा अशरा. २२ मार्चला आयपीएल सुरू झाली. साडेसातला सामना, इफ्तार त्याच्या जरा आधी. मगरिब आणि इशाच्या मधल्या वेळात आमच्या मोहल्ल्यातली पोरं काय करत होती? टीम लावत होती. मशिदीच्या पायऱ्यांवर बसून, मान खाली घालून. लांबून बघणाऱ्याला वाटावं जिक्र चाललाय. त्यातला एक मला म्हणाला, ‘चाचा, हा जुगार नाय, स्किल आहे.’ त्याचं खोटं नव्हतं, उच्च न्यायालयांनीही तेच म्हटलेलं होतं. पण त्या पोराच्या स्किलने बापाने कुवेतहून बहिणीच्या लग्नासाठी पाठवलेल्या पैशांतले सव्वा लाख गेले. अ‍ॅपचं नाव जाऊ द्या, सगळी एकाच माळेचे मणी.

ते अ‍ॅप त्याला कुणी शिकवलं? जाहिरातींनी. आपला लाडका शाहरुख रमीच्या अ‍ॅपची जाहिरात करत होता. सचिनच्या घरासमोर बच्चू कडूंनी ऑगस्ट २०२३ मध्ये आंदोलन केलं ते याच कारणासाठी. निदान एका आमदाराला तरी ते सुचलं. आमच्याकडे अलिबागच्या बाजूला या मंडळींचे बंगले. गाडी दिसली की पोरं फोन वर धरून धावतात. पडद्यावरच्या कपड्यांवरून फतवे काढणाऱ्यांपैकी एकानेही त्या जाहिरातींबद्दल तोंड उघडल्याचं मी ऐकलं नाही. पाण्याचा घोट दिसतो. मैसिर, ज्याचं नाव घेऊन कुराणात मनाई आहे, ते दिसत नाही, कारण ते आपल्याच खिशातल्या फोनमध्ये असतं.

आता केंद्राने ऑगस्टमध्ये कायदाच केला. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद. स्किल असो की नशीब. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. भारतीय संघाच्या जर्सीवरचं ड्रीम इलेव्हन गेलं. ज्या सरकारच्या बहुतेक कायद्यांना मी विरोध करतो त्याने हा केला, आणि मी बरं झालं म्हणतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हेही बरंच. नाहीतर आमच्या तालुक्यात तुरुंग पुरले नसते.

राहिलं ते पत्र. मी एक लिहिलंय, सरळ मराठीत, दीड पानी. अल्पसंख्याक विकास व औकाफ खातं कुणाच्या चुकीची भरपाई म्हणून देऊ नये. त्याला पूर्णवेळ मंत्री द्यावा. महामंडळाचे किती कर्जअर्ज पडून आहेत ते तालुकावार जाहीर करावं. मजकूर ग्रुपवर टाकला. चौदा जणांनी अंगठा दाखवला, सही करायला तिघे आले. तिसरा तोच पोरगा. त्याच्या वडिलांना अजून कुणी सांगितलेलं नाही. पुढच्या महिन्यात ते सुट्टीवर येतायत.